गुरुवारचे दोन तास

नोव्हेंबर महिना उजाडला की बँकेच्या शाखांमधून एक निराळीच वर्दळ सुरू होते. हयातीचा दाखला देण्यासाठी निवृत्तिवेतनधारक येऊ लागतात. कोणी काठी टेकीत येतो, कोणी रिक्षातून उतरताना क्षणभर दाराला धरून उभा राहतो, कोणी गतवर्षी भेटलेल्या सहकाऱ्याला डोळ्यांनी शोधीत असतो. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ योजना आली. पुढे चेहऱ्याच्या ओळखीवरून मोबाईलवरच दाखला देण्याची सोय झाली. ऐंशी वर्षे पूर्ण केलेल्या केंद्र सरकारी निवृत्तिवेतनधारकांना तर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. तरीही पुष्कळजण शाखेत येणेच पसंत करतात. वर्षातून एकदा तरी आपण आहोत हे कोणाला समक्ष सांगावे, असे त्यांना वाटत असावे.

या प्रत्येक वृद्धामागे बहुधा आणखी एक व्यक्ती उभी असते. तिच्या हातात कागदांची पिशवी, पाण्याची बाटली आणि चष्म्याचे घर असते. ती रिकामी खुर्ची शोधते, टोकन घेते, अधिकाऱ्याचे बोलणे वृद्धाच्या कानाशी पुन्हा एकदा मोठ्याने सांगते. तिचा दाखला कोणी मागत नाही. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी असंख्य निवृत्तिवेतनधारकांची विचारपूस केली, परंतु त्यांच्यामागे पिशवी धरून उभ्या असलेल्या त्या दुसऱ्या व्यक्तीला “आपले कसे चालले आहे?” असे एकदाही विचारल्याचे मला स्मरत नाही. प्रस्तुत लेख त्या दुसऱ्या व्यक्तीविषयी आहे.

येथे माझी स्वतःची एक चूक सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. कर्नाटकातील एका तालुक्याच्या गावी शाखेत असताना एक मध्यमवयीन बाई सासऱ्यांची पैसे काढण्याची पावती घेऊन आल्या. सही जुळत नव्हती. अर्धांगामुळे उजवा हात गेलेला; डाव्या हाताने केलेली ती सही म्हणजे दोन थरथरत्या रेघा होत्या. मी नियम समजावून सांगितला आणि खातेदारास घेऊन येण्यास सांगितले. “साहेब, त्यांना रिक्षात बसवायला चार माणसे लागतात,” एवढेच त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. वास्तविक नियम त्यांच्याच बाजूचा होता. आजारी व अपंग खातेदारांसाठी अंगठ्याचा, तोही शक्य नसल्यास पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांच्या ओळखीने घेता येतो, त्यांपैकी एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, ही रिझर्व्ह बँकेची सूचना फार जुनी आहे. ती मला ठाऊक नव्हती असे नाही. त्या क्षणी आठवली नाही, आणि रांग मोठी होती. चार माणसे म्हणजे काय, हे मला पुढे अनेक वर्षांनी, माझ्याच घरात समजले.

निवृत्तीनंतर मी हिनकल येथे स्थायिक झालो. म्हैसूरच्या वायव्येस, हुणसूर रस्ता आणि बाह्य वळणरस्ता जेथे एकमेकांस छेदतात तेथे हे गाव आहे. गाव म्हणावे की शहर, हा प्रश्नच आहे. येथे नन्नेश्वराचे पुरातन मंदिर आहे, जुन्या गल्ल्यांतून अजून गाई बांधलेल्या दिसतात, आणि दहा पावलांवर बहुमजली इमारतींची रांग सुरू होते. काल-परवापर्यंत ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत असलेले हिनकल आता हूटगळ्ळी नगरसभेत समाविष्ट झाले आहे. म्हैसूरला निवृत्तांचे नंदनवन म्हणण्याची प्रथा आहे. हवा सौम्य, रस्ते रुंद, रुग्णालये चांगली. त्यामुळे ठिकठिकाणची नोकरी संपवून आलेली आमच्यासारखी मंडळी विजयनगर, हिनकल, बोगादी या बाजूच्या नव्या वसाहतींतून येऊन राहिली. मुले बंगळूरला किंवा परदेशी. घरे प्रशस्त, कुंपणाच्या भिंती उंच, फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी; आणि आत सत्तरीचे जोडपे नव्वदीच्या आईवडिलांना सांभाळीत असते.

जुन्या हिनकलमधील घरांना पुढे ‘जगली’ असते. जगली म्हणजे आपला ओटा. सकाळी ऊन पडले की घरातील म्हातारे माणूस तेथे येऊन बसते. जाणारा-येणारा दोन शब्द बोलतो, भाजीवाली टोपली टेकवते, शाळेत निघालेले पोर हात हलवते. कोणी मुद्दाम काही करीत नाही. तरी घरातील सुनेला तेवढा अर्धा तास स्वयंपाकघरात निर्धास्तपणे काम करता येते, कारण म्हाताऱ्यावर साऱ्या गल्लीचे लक्ष असते. मी जुन्या काळाचे गोडवे गाण्यासाठी हे लिहीत नाही. त्याच घरांतून सुनांच्या वाट्याला काय येते तेही मी पाहतो आहे. परंतु आम्ही नव्या वसाहती बांधताना ओटा काढून टाकला, आणि त्याच्या जागी दुसरे काहीच ठेवले नाही, एवढे खरे.

माझी आई मिरजेची. वडिलांच्या निधनानंतर ती आमच्याकडे आली तेव्हा बाहत्तर वर्षांची होती आणि चांगली हिंडतीफिरती होती. ऐंशीच्या सुमारास विसरणे सुरू झाले. प्रथम आम्ही हसण्यावारी नेले. मग एके दिवशी तिने मला माझे नाव विचारले. वैद्यकीय तपासणीत स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. आमचेच घर काही जगावेगळे नाही. भारतातील वृद्धांच्या विस्तृत पाहणीवर आधारलेला जो अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार देशातील साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसे या विकाराने ग्रस्त आहेत. तितकीच घरे, आणि प्रत्येक घरात पिशवी धरणारे निदान एक माणूस.

आमच्या घरी ते माणूस म्हणजे माझी पत्नी. आईला येथील कन्नड बेताचीच येत होती. आजारात तीही गेली, त्यामुळे पगारी सेविका ठेवून पाहिल्या तरी एकमेकींचे बोलणे कळेना. तिसऱ्या दिवशी सेविका येईनाशी होई. संध्याकाळ झाली की आई पिशवी भरून दाराशी उभी राहते आणि मिरजेची गाडी किती वाजता आहे ते विचारते. आंघोळ, औषधे, रात्रीचे उठणे, पुन्हा पुन्हा तेच प्रश्न, हे सारे माझ्या पत्नीने सहा वर्षे केले. मी काय करीत होतो? मी आमच्या वसाहतीतील ज्येष्ठ नागरिक संघाचे काम पाहत होतो. सकाळी फिरणे, मासिक सभा, आरोग्य शिबिर, वार्षिक सहल. ही कामे निरुपयोगी होती असे मी म्हणणार नाही. पण त्या सभांना कोण येत असे? ज्यांना घराबाहेर पडता येत होते ते येत असत. ज्यांना पडता येत नव्हते, आणि ज्यांच्यामुळे पडता येत नव्हते, अशा दोघांचीही नावे आमच्या सभासदांच्या यादीत होती. खुर्ची मात्र रिकामी असे, आणि आमच्या ते ध्यानातही येत नसे.

१ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन. १९९१ पासून तो जगभर पाळला जातो. त्या वर्षी आमच्या संघाच्या कार्यक्रमात मी वृद्धांच्या सन्मानावर पाऊण तास भाषण केले. टाळ्याही मिळाल्या. त्यानंतर चौथ्या दिवशी पहाटे आई न्हाणीघराच्या दाराशी कोसळली. रुग्णालयात नेल्यावर उलगडा झाला तो असा: दोन औषधांच्या पट्ट्या दिसायला सारख्या होत्या, आणि थायरॉइडच्या गोळीऐवजी रक्तदाबाचीच गोळी दोनदा दिली गेली होती. डॉक्टरांनी पट्टी माझ्या पत्नीसमोर धरली आणि त्यावरील नाव वाचण्यास सांगितले. तिला वाचता येईना. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळून चौदा महिने झाले होते. “आईंना कोणाजवळ ठेवू?” म्हणून तिने तो विषय पुढे ढकलला होता, आणि मीही “बघू, सवडीने करू” म्हणालो होतो. सवड कोणाची, हे मला त्या दिवशी कळले.

आई दोन रात्रींनी घरी आली. सुदैवाने इजा झाली नाही.

हे घडल्यावर अनेकजण भेटावयास आले. फळे आणली, धीर दिला. जाताना प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होते: “काही लागले तर सांगा.” कन्नडमध्येही ते अगदी तसेच आहे, “एनादरू बेकादरे हेळि.” हे वाक्य मनापासून बोलले जाते, याविषयी मला शंका नाही. मी स्वतः ते शेकडो वेळा बोललो आहे. पण त्यात एक अडचण आहे. ज्याच्या अंगावर आधीच डोंगर आहे त्याच्यावर मागण्याचे कामही ते सोपवते. कोणाला सांगावे, केव्हा सांगावे, त्याला सवड असेल का, नको म्हणाला तर पुढे बोलणे कसे राहील, हा सगळा विचार करण्यापेक्षा न मागणेच सोपे वाटते. माझ्या पत्नीने सहा वर्षांत एकदाही कोणाला काही सांगितले नाही, यात नवल ते काय?

समोरच्या घरातील बाईंनी मात्र ते वाक्य उच्चारले नाही. त्या कन्नड भाषिक आहेत. त्यांनी स्वतःच्या सासूबाईंची नऊ वर्षे शुश्रूषा केलेली. त्या म्हणाल्या, “गुरुवार माझा. दुपारी तीन ते पाच मी येऊन बसेन. तुम्ही दोघांनी घरात थांबायचे नाही.” आम्ही संकोचाने काही बोलू लागलो, तर त्यांनी ते ऐकूनच घेतले नाही. गुरुवारी तीन वाजता त्या आल्या. बरोबर मल्लिगेच्या कळ्यांची पुडी आणि दोऱ्याचे रीळ होते. त्यांना मराठी येत नाही, आईला कन्नड उरली नाही. त्यांनी परात मध्ये ठेवली आणि दोघी कळ्या गुंफत बसल्या. आईला माझे नाव आठवत नाही, पण दोन कळ्या इकडे, दोन तिकडे आणि मध्ये दोऱ्याची गाठ, हे तिच्या बोटांना पाठ होते. येथे गुंफलेली फुले ‘मोळ’ या मापाने, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या लांबीने विकतात. आईने गजरा पुरा झाल्यावर आपल्या हाताने तो मोजला आणि कमी भरला म्हणून पुढे गुंफीत राहिली.

त्या पहिल्या गुरुवारी माझी पत्नी कोठेही गेली नाही. त्याच बाईंच्या घरी, मागच्या खोलीत, दार लावून झोपली.

वाचकहो, आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट असतात. त्यांतील दोन म्हणजे काहीच नव्हे, असे वाटण्याचा संभव आहे. माझा अनुभव तसा नाही. येणार हे ठाऊक असलेले दोन तास, पाळणाऱ्याच्या मनात आठवडाभर काम करतात. सोमवारी असह्य वाटलेली गोष्ट गुरुवारपर्यंत निभावून नेता येते. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेता येते, बँकेत जाता येते, केस कापता येतात, भांडावयाचे असेल तर नवऱ्याशी निवांत भांडता येते. उलट, अचानक आणि अनिश्चितपणे मिळालेली सहा तासांची मोकळीकही अंगी लागत नाही, कारण तिचे काय करावे हेच सुचत नाही. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे: वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांना समाजाने काही द्यावयाचे असेल तर वार आणि वेळ ठरवून द्यावी, आणि त्यांनी मागण्यापूर्वी द्यावी. सहानुभूती, कौतुक, ‘तुमच्यासारखी सून मिळायला भाग्य लागते’ असली प्रशस्तिपत्रे, ही सारी त्यानंतर.

शेजारच्या बाईंचे पाहून आणखी काही घरे पुढे आली. मंगळवारी एक निवृत्त शिक्षक येतात आणि आईला कन्नड वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवितात. तिला एक अक्षर कळत नाही. पण कोणीतरी गंभीरपणे आपल्याशी बोलत आहे याचे समाधान तिच्या चेहऱ्यावर दिसते. मीही आता दोन गल्ल्या पलीकडे एका गृहस्थांजवळ दर सोमवारी सकाळी बसतो. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची वाचा गेली आहे. मानसगंगोत्री परिसरात १९६५ पासून असलेल्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत ते उपचारासाठी जातात. अशी संस्था हाकेच्या अंतरावर असणे हे म्हैसूरकरांचे भाग्यच होय. पण तज्ज्ञांपुढे घालविलेला आठवड्यातील एखादा तास सोडला तर उरलेले सारे तास घरी, त्यांच्या एकुलत्या एका मुलीपाशी असतात. ती नोकरीही करते. सोमवारी सकाळी मी तेथे असतो तेव्हा ती धान्य आणते, गॅसवाल्याला फोन करते, आणि एकदा मला म्हणाली त्याप्रमाणे, “नुसती गच्चीवर जाऊन उभी राहते.”

मी पडलो बँकेचा माणूस. चार घरे झाल्याबरोबर मी एक वही आखली: वार, वेळ, घर, येणाऱ्याचे नाव. शेजारच्या बाईंना ती वही मुळीच रुचली नाही. शेजारधर्माचा काय जमाखर्च मांडायचा, असा त्यांचा सवाल होता. त्यांचे म्हणणे मला पटते, तरीही मी वही ठेवली आहे. जपानमध्ये तेरुको मिझुशिमा नावाच्या महिलेने १९७३ साली ओसाका येथे ‘स्वयंसेवी श्रम बँक’ स्थापन केली होती. दुसऱ्याच्या घरी दिलेले तास खात्यावर जमा व्हावेत आणि आपल्या अडीअडचणीला ते परत मिळावेत, अशी ती कल्पना. अनेक देशांत पुढे ‘वेळेच्या बँका’ निघाल्या. आमच्या वहीत जमा-नावे नाही, व्याज तर नाहीच. ज्याला परत काहीच देता येणार नाही अशा घरालाही तिच्यात जागा असली पाहिजे, आणि खरी गरज बहुधा अशाच घरांना असते. वहीचा उपयोग एवढाच की कोणाचा वार चुकत असेल तर ते आधी कळते, आणि घरच्या बाईला कोणापुढे शब्द टाकावा लागत नाही.

हा काही आमचा शोध नव्हे. केरळात कोळिकोड वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ साली वेदनाशमन व परिहार सेवा सुरू झाली. दवाखान्यापर्यंत येऊच न शकणारे रुग्णच अधिक, हे ध्यानात आल्यावर मलप्पुरम आणि आसपासच्या भागांत गावोगावी शेजाऱ्यांची जाळी उभारली गेली. या स्वयंसेवकांकडून अपेक्षा कशाची होती? आठवड्याला किमान दोन तासांची. सोळा तासांचे प्रशिक्षण घ्यावयाचे, अनुभवी माणसांबरोबर काही घरे पाहावयाची, आणि मग आपल्याच गावातील अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे जात राहावयाचे. डॉक्टर आणि परिचारिका होत्याच. पण घराचा उंबरा प्रथम ओलांडला तो शेजाऱ्याने. केरळ सरकारने २००८ साली या कार्यासाठी राज्याचे धोरणच जाहीर केले.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. तेथे रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. केवळ शब्दांचा खेळ म्हणून याकडे पाहू नये. मराठीत ‘रुग्णाचे नातेवाईक’ ही रुग्णालयाच्या पाटीवरची भाषा आहे. भेटीच्या वेळा पाळणारी, बाहेर बाकावर बसणारी मंडळी, असा तिचा अर्थ. ‘शुभंकर’ म्हटल्याबरोबर ते एक स्वतंत्र माणूस होते. त्याला कर्तव्य असते तशी गरजही असते. या मंडळाच्या सभांना शुभार्थी आणि शुभंकर दोघेही येतात, आणि शुभंकर एकमेकांशी बोलू शकतात. नृत्य शिक्षक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी पुण्यात चालविलेल्या नृत्यवर्गाची माहिती अनेकांनी वाचली असेल. पाय उचलण्यास अडणारा माणूस ताल मिळाला की पाऊल टाकू लागतो, हे पाहताना त्याला तेथवर घेऊन आलेल्या पत्नीच्या चेहऱ्याकडेही पाहावे.

यावर काही आक्षेप मी ऐकले आहेत. परक्या माणसाला घरात कसे घ्यावे, हा त्यांतील रास्त आक्षेप होय. म्हणूनच अनोळखी संस्थेपेक्षा गल्लीतील ओळखीचे माणूस बरे, आणि पहिले काही आठवडे घरातील कोणीतरी शेजारच्या खोलीत असावे. दुसरा आक्षेप म्हणजे ‘आईबापांचे करणे हे मुलाचे कर्तव्य; त्यात शेजाऱ्यांना कशाला ओढावे?’ हे वाक्य मी बहुतेक पुरुषांच्याच तोंडून ऐकले आहे, आणि त्यांच्या घरी ते कर्तव्य प्रत्यक्षात कोण पार पाडते ते मला ठाऊक आहे. तिसरा, कायदा आहे ना! आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचे पालनपोषण व कल्याण यासाठी २००७ साली कायदा झाला. त्यान्वये मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, परतही मिळविता येते. टाकून दिलेल्या वृद्धांसाठी हा कायदा अत्यावश्यकच होता. पण ज्या घरी कोणी टाकलेले नाही, जेथे सून रात्री तीन वेळा उठते आहे, त्या घराला न्यायाधिकरण काय देणार?

आता आपल्या बँकेविषयी. घरातील शुभंकर ज्या थोड्या सार्वजनिक जागी नियमितपणे येतो, त्यांत शाखेचा क्रम वरचा लागतो. देवळात जाणे राहते, लग्नकार्य टळते; निवृत्तिवेतन काढण्यासाठी मात्र यावेच लागते. म्हणून काही गोष्टी आपल्याला सहज करता येण्यासारख्या आहेत. सत्तर वर्षांवरील आणि आजारी वा अपंग ग्राहकांना रोख रक्कम, धनादेश पुस्तिका, हयातीचा दाखला आदी मूलभूत सेवा घरपोच देण्याविषयी रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्व बँकांना सूचना दिल्या. किती ग्राहकांना हे माहीत आहे? अंगठ्याच्या ठशाची जी सूचना मी त्या दिवशी विसरलो, ती आज किती तरुण सहकाऱ्यांना तोंडपाठ आहे?

आणखी एक बाब ग्राहकांनी वेळीच समजून घ्यावी अशी आहे. पुष्कळांचा समज असा की वारस म्हणून नामनिर्देशन केले किंवा मुखत्यारपत्र करून ठेवले की पुढची चिंता मिटली. नामनिर्देशनाचा उपयोग खातेदाराच्या मृत्यूनंतर; १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीच्या खात्यावर चार जणांपर्यंत नावे देता येतात हे खरे, परंतु त्यांपैकी कोणालाही खातेदाराच्या हयातीत एक रुपयाही काढता येत नाही. मुखत्यारपत्राचे तर त्याहून विपरीत. ते देणारी व्यक्ती पुढे मनाने अक्षम झाली, तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे तो अधिकारच संपुष्टात येतो. म्हणजे ज्या प्रसंगासाठी कागद केला, नेमक्या त्याच प्रसंगी तो निरुपयोगी ठरतो. मग पालक म्हणून नेमणूक व्हावी यासाठी कुटुंबांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागते. विस्मरण नुकतेच जाणवू लागले आहे, पण समज शाबूत आहे, अशा काळात विश्वासाच्या माणसाबरोबर ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात असलेला’ या पद्धतीचे संयुक्त खाते करून ठेवणे हा साधा उपाय आहे. अर्थात त्या माणसावर विश्वास असला पाहिजे. हा निर्णय बँक आपल्यासाठी घेऊ शकत नाही. आम्ही हे वेळेवर केले, कारण मला नोकरीमुळे ठाऊक होते. शेजारच्या घरी केले गेले नाही, आणि त्या मुलीचा एक संपूर्ण वर्षाचा सुट्टीचा हिशेब वकिलांकडे खर्ची पडला.

जपानमध्ये २००५ पासून स्मृतिभ्रंश म्हणजे काय आणि अशा माणसाशी कसे बोलावे याचे दीड तासाचे वर्ग सर्वसामान्यांसाठी घेतले जातात. एक कोटीहून अधिक लोकांनी ते घेतले आहेत, आणि त्यांत दुकानदार व बँक कर्मचारीही आहेत. तेच पासबुक हरवले म्हणून तिसऱ्यांदा आलेल्या आजींना काय म्हणावे, हे तेथील कर्मचाऱ्याला शिकविलेले असते. आपल्याकडे प्रशिक्षण केंद्रांची वानवा नाही. नव्या कर्मचाऱ्यांच्या अभ्यासक्रमात दीड तास निघू शकेल. आणि शाखाशाखांतून निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघटना आहेत. आम्ही मंडळी भेटलो की महागाई भत्ता आणि वैद्यकीय विमा यांवर बोलतो. त्याच सभेत, आपल्यापैकी कोण गेले वर्षभर सभेला आले नाही आणि का आले नाही, याची यादी करावयास कितीसा वेळ लागेल? त्या यादीतील प्रत्येक घराला एक वार लावून द्यावा. ज्यांना आपल्या गावी कोणीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. हा क्रमांक पासबुक छापण्याच्या यंत्राशेजारी लावण्यास कोणाची हरकत असू नये.

माझ्या पत्नीच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. ती एका गुरुवारीच झाली. औषधांच्या पट्ट्या आता मी आणि ती, दोघेही वाचून घेतो. आईच्या सकाळच्या आंघोळीचे पाणी मी काढतो आणि केसही मीच विंचरतो, ते तिला पसंत नसते. संध्याकाळी ती अजून मिरजेच्या गाडीची चौकशी करते. शेजारच्या बाईंनी तिला कळ्या गुंफायला बसवले असेल त्या दिवशी मात्र गाडीची आठवण जरा उशिरा होते.

त्या बाई पुढील महिन्यात मुलीच्या बाळंतपणासाठी शिवमोग्ग्यास निघाल्या आहेत. वहीत तीन गुरुवार कोरे दिसत आहेत, आणि दुसऱ्या डोळ्याची तारीख त्यांतल्याच मधल्या गुरुवारची आहे. काल सायंकाळी मी वही घेऊन गल्लीच्या टोकाच्या दोन घरी जाऊन आलो. एका घरी कुलूप होते. दुसऱ्या घरच्या तरुणाने वही उलटसुलट पाहिली, सगळे नीट विचारून घेतले, आणि आईशी बोलण्यापुरती चार मराठी वाक्ये कन्नड लिपीत लिहून मागितली. ती मी आज लिहून देणार आहे.